पाटीवरची दोन अक्षरं

नेदरलँड्समधल्या नायमेखनला येऊन मंजूषाला सहा वर्षं झाली होती, आणि या सहा वर्षांत तिने एकदाही फुंकणी तोंडाला लावली नव्हती. चांदीकामाची फुंकणी, वीतभर लांब, पितळेची, टोकाशी वाकलेली. दिव्याच्या ज्योतीवर तिच्यातून हवा मारायची आणि ज्योत सुईसारखी बारीक करून कडीच्या सांध्यावर नेमकी टेकवायची. मंजूषाचं माहेर हुपरीचं. कोल्हापूरजवळचं हे गाव चांदीवर जगतं. दहा वर्षांची असल्यापासून ती वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, शेजारी बसून पैंजणांच्या कड्या झाळायला, म्हणजे डाक लावून जोडायला, शिकली होती. लग्नात आप्पांनी भांड्याकुंड्यांबरोबर ही फुंकणीही दिली. ती आधी पुण्यात माळ्यावर आणि मग इथे मोज्यांच्या खणात पडून राहिली.

नवरा पुष्कर सेमीकंडक्टरच्या कंपनीत इंजिनियर. त्याच्या परमिटवर मंजूषालाही नोकरी करायची मुभा होती, पण मोडकं डच घेऊन जायचं कुठे? मुलगी अवनी चौदा वर्षांची. आईने मराठीत विचारावं आणि तिने डचमध्ये उत्तर द्यावं, हा घरातला रिवाज झाला होता.

सप्टेंबरात मंजूषा बाजारामागच्या गल्लीतल्या एका दुकानात सहज शिरली. पिसं, ढोलकी, चामड्याच्या पिशव्या आणि काचेच्या कपाटांत निळ्या-लाल खड्यांचे दागिने. मालक रूलोफ, पन्नाशीचा, उंच, हळू बोलणारा. एका अंगठीतला निखळलेला खडा तो डिंकाने चिकटवत होता. मंजूषाला ते बघवेना.

"द्या इकडे," ती इंग्रजीत म्हणाली. त्याच्याच टेबलावरचा बारीक चिमटा घेऊन तिने कोंदणाची कड सरळ केली, खडा बसवला, चमच्याच्या पाठीने कड दाबून घेतली. दोन मिनिटांचं काम.

रूलोफने तिच्या हातांकडे बघितलं. मग तिच्या चेहऱ्याकडे, मग कमरेपर्यंतच्या वेणीकडे.

"तू कुठली?"

"इंडिया."

त्याचे डोळे चमकले. ती चमक आपल्या हातांसाठी आहे असं मंजूषाला वाटलं.

मोज्यांच्या खणातली फुंकणी घेऊन पुढच्या सोमवारपासून ती कामाला लागली. आठवड्याचे चार दिवस, दहा ते चार. रूलोफने तिचं टेबल थेट दर्शनी काचेत मांडलं, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल असं. याचं तिला फार अप्रूप वाटलं. हुपरीत बायका आतल्या खोलीत वाकून कड्या झाळतात आणि पेढीवर बसतात ते पुरुष. इथे आपल्याला पुढे बसवलंय! तिने आप्पांना व्हिडिओ कॉल करून टेबल दाखवलं. आप्पा टेबल निरखत राहिले. मग म्हणाले, "उजेड डाव्या बाजूनं घे."

रूलोफला तिचं नाव उच्चारता येईना. "मान्युशा, मान्युशा," असं दोनदा म्हणून तो हसला आणि म्हणाला, "माया म्हटलं तर चालेल?" तिने चालेल म्हटलं. काय बिघडतंय, असं तिला वाटलं.

माल खोक्यांतून यायचा. हातातली रुंद कडी, अंगठ्या, गळ्यातली पदकं. ठोकून काढलेली नक्षी, मधे निळे आणि लाल खडे. मंजूषाने कोंदणं झाळायची, खडे बसवायचे, पॉलिश करायचं, आणि शेवटी रूलोफने दिलेल्या लहानशा पोलादी ठशाने मागच्या बाजूला पक्ष्याची खूण ठोकायची. दुकानाचा छाप असेल, असं ती समजली.

पहिल्याच दिवशी तिने त्याला सांगितलं होतं, "ही चांदी नाही. जर्मन सिल्व्हर आहे. हा पिरोजाही नाही, पांढऱ्या स्वस्त दगडाला निळा रंग दिलाय. आणि हे पोवळं तर मुळीच नाही." पोवळं ती डोळे मिटून ओळखत असे. खरं पोवळं हातात घेतलं की गार आणि जड लागतं. हे लाल खडे नुसते लाल होते.

"अर्थातच," रूलोफ म्हणाला होता. "फॅशनचा माल आहे. गिऱ्हाइकांना ठाऊक असतं. कार्डावर सगळं लिहिलेलं आहे."

प्रत्येक दागिन्याला एक तपकिरी कार्ड बांधलेलं असे, बारीक तिरप्या डच अक्षरांतलं. मंजूषाने ते वाचायचा कधी खटाटोप केला नाही. सहा वर्षांनी हातात काम आलं होतं. ज्योत सुईसारखी झाली की बाकीचं जग पुसलं जायचं.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी दुपारी एक बाई दुकानासमोर थबकली. तिशीतली, ठेंगणी, गोल चेहऱ्याची, काळेभोर केस मागे बांधलेले. तिने वर पाटीकडे बघितलं, मग काचेतून मंजूषाकडे. आणि तिच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं, की मंजूषानेही नकळत हातातला चिमटा खाली ठेवला.

बाई आत आली ती थेट टेबलाशी. "याआत्एह!" ती म्हणाली, आणि पाठोपाठ घशातून येणाऱ्या, मधेच अडखळून पुढे जाणाऱ्या आवाजांची दोन-तीन वाक्यं. डच नव्हे, हे नक्की. मंजूषाला वाटलं, नेपाळची असेल, नाही तर मणिपूरची.

"नमस्ते," तिने हिंदीत विचारलं, "आप नेपाल से हैं?"

बाईच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थिजलं. ती इंग्रजीत म्हणाली, "मी तुला तुझं कूळ विचारलं. आईकडचं आणि वडिलांकडचं. आमच्यात आधी ते सांगतात."

"आमच्यात म्हणजे?"

बाईने टेबलावरचं एक कडं उचललं, त्याच्या कार्डावरचं नाव वाचलं, ते उलटं केलं, मागची पक्ष्याची खूण अंगठ्याने चाचपली. "हे कुणी केलं?"

"मी," मंजूषा म्हणाली. ते म्हणताना तिचा स्वर अभिमानाचा होता, हे पुढे कित्येक दिवस तिला टोचत राहिलं.

"आणि माया कोण?"

"मीच. म्हणजे, इथे मला तसं म्हणतात."

बाईने कडं टेबलावर ठेवलं. आपटलं नाही, अगदी हलकेच ठेवलं. "माझी मावशी हे करते," ती म्हणाली. "खऱ्या चांदीत, खऱ्या पिरोजात. चाळीस वर्षं करतेय. पाच महिने मी या देशात आहे. माझ्या भाषेत बोलायला समोर एक माणूस मिळालं नव्हतं. रस्त्यावरून तुझी पाटी वाचली, काचेत आमची नक्षी बघितली आणि मी धावत आले." ती दाराशी जाऊन वळली. "तुझ्या डोक्यावर काय टांगलंय ते एकदा वाचून घे."

दाराची घंटी वाजली आणि ती गेली. आतल्या खोलीतून रूलोफने विचारलं, "कोण होतं?" मंजूषा म्हणाली, "कुणी नाही." तिला राग आला होता, पण रागावायचं कुणावर, हे अजून कळत नव्हतं.

बाहेर येऊन तिने पाटी वाचली. रोज सायकल लावताना ती तिच्याखालूनच जायची. इंडियान्से कारागीर येथे काम करते, अशा अर्थाचं काहीतरी होतं. इंडियन. बरोबरच तर आहे, तिला वाटलं. तरी तिने पाटीचा फोटो काढला, आणि एका कड्याला बांधलेलं कार्ड सोडवून पर्समध्ये टाकलं.

घरी अवनी सोफ्यावर पाय पसरून बसली होती. मंजूषाने फोन तिच्यापुढे धरला. अवनीने बघितलं आणि डचमध्ये म्हणाली, "चुकलंय. हे आपण नाही."

"म्हणजे काय? मराठीत सांग."

अवनी उठून बसली. मराठी आठवत, इंग्रजीचे टेकू घेत ती सांगू लागली. "आई, आपण इंडियासे. इंडियातले. हे इंडियान्से आहे. मधे दोन लेटर्स जास्त आहेत, बघ, ए आणि एन. इंडियान्से म्हणजे अमेरिकेतले ते... तिथे सगळ्यांच्या आधीपासून राहणारे लोक. तुला त्यांच्यातली म्हटलंय."

"चुकून लिहिलं असेल."

अवनीने कार्ड हातात घेतलं. वाचता वाचता तिचा आवाज बदलत गेला. "'माया, नावाहो कारागीर. ही कला ती वाळवंटात आपल्या आजीकडून शिकली. तिच्या जमातीसाठी पिरोजा म्हणजे आकाश आणि पोवळं म्हणजे पृथ्वीचं रक्त. प्रत्येक दागिन्यावर तिची स्वतःची खूण.'" तिने मान वर केली. "आई, हे तू लिहिलंस?"

मंजूषा खुर्चीवर बसली. पक्ष्याची खूण. ती तिने स्वतःच्या हाताने ठोकली होती, दोनशे वेळा तरी. एका टोल्यात, न सरकू देता, आप्पांनी शिकवल्याप्रमाणे. आणि एकेका टोल्याबरोबर खोटं बोलली होती.

संध्याकाळी पुष्कर आला तेव्हा ती स्वयंपाकघरात ताठ उभी होती. तिने सगळं सांगितलं. बाईचं वर्णन ऐकताना पुष्करचा हात बुटाच्या नाडीवरच थांबला.

"डेल्फीन असणार," तो म्हणाला. "डेल्फीन त्सो. आमच्या अमेरिकेतल्या, आरिझोनाच्या फॅक्टरीतून आली आहे, आठ महिन्यांसाठी. आमच्याच मजल्यावर बसते." बूट काढून तो पुढे म्हणाला, "मंजू, हे प्रकरण वाढवू नकोस. उद्यापासून जाऊ नकोस, विषय संपला. ऑफिसात चर्चा नको. आपण इथे परमिटवर आहोत."

"परमिट तुझ्या कंपनीचं आहे, त्याच्या दुकानाचं न्हाई," मंजूषा म्हणाली. ती संतापली की तिच्या तोंडी हुपरी यायची. "मला काचेत बसवून दाखवलंय त्यानं. माकडासारखं. आणि तू म्हणतोस विषय संपला?"

"अगं, नाव तर तुझं नाहीच तिथे. कुणाला कळणारे?"

"तेच तर!" तिने हातातलं फडकं ओट्यावर फेकलं. "माझं नाव तिथं न्हाई. हात माझे, शिकवलं आप्पांनी, गाव हुपरी. त्यातलं काय हाय त्या कार्डावर? आणि ज्यांचं नाव हाय, त्यांचं त्या मालात काय हाय? एका दगडात दोन घरं फोडलीत त्यानं, पुष्कर."

पुष्कर बराच वेळ कार्ड उलटसुलट करत बसला होता.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती दुकानात गेली आणि टेबलाशी न बसता रूलोफच्या समोर उभी राहिली. कार्ड त्याच्यापुढे ठेवलं.

रूलोफने चष्मा वर केला, कार्ड बघितलं आणि तिच्यासाठी कॉफी ओतली. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो समजावू लागला.

"माया, बस. पाटी रंगवणाऱ्याची चूक होती ती, खरंच. मी इंडियासे सांगितलं होतं, त्याने इंडियान्से लिहिलं. मग लक्षात आलं, लोक थांबतात, बघतात. म्हटलं, राहू दे."

"आणि कार्ड? तेही रंगाऱ्याने लिहिलं?"

"कार्ड म्हणजे गोष्ट असते. लोक गोष्ट विकत घेतात. कुणाचं नुकसान झालं सांग. तुला काम मिळालं. गिऱ्हाईक खूश. त्या जमातीचं नाव इथे लोकांना कळतं, ते चांगलंच नाही का?" त्याने हसून खांदे उडवले. "मी तोंडाने कधी कुणाला सांगितलं नाही. लोक तुझ्याकडे बघून समजतात. तू दिसतेसही तशीच."

मंजूषाने कॉफीला हात लावला नाही. तिने हात कोटाच्या खिशात घातले. बोलायला गेली, तर इंग्रजी शब्द एकमेकांत अडकून पडले. मराठीत तिच्याकडे त्याच्यासाठी पन्नास वाक्यं तयार होती. ती तशीच बाहेर पडली. आपण त्याला काहीच सुनावू शकलो नाही, या विचाराने घरापर्यंत सायकल चालवताना ती दात ओठ खात होती.

पुष्करने त्या दिवशी तिला न विचारता एक गोष्ट केली. तो डेल्फीनच्या टेबलाशी गेला, आपण कोण ते सांगितलं आणि आपली बायको भेटू इच्छिते म्हणाला. हे तिला सांगताना तो जरा लाजला होता. "मला आधीच जायला हवं होतं," एवढंच तो बोलला.

रविवारी दुपारी वाल नदीच्या काठी, पुलाजवळच्या बाकावर दोघी भेटल्या. मंजूषाने डब्यातून चकल्या नेल्या होत्या. डेल्फीनने डबा घेतला, पण उघडला नाही.

"मला माहीत नव्हतं," मंजूषा म्हणाली. "मला डच वाचता येत नाही. मला वाटलं, माझ्याच देशाचं नाव आहे."

"दगड खोटे आहेत, हे माहीत होतं?"

मंजूषाने मान खाली घातली. "हो. तेवढं माहीत होतं."

डेल्फीन नदीकडे बघत राहिली. रेतीने भरलेला एक लांबलचक पडाव पाण्यावरून संथपणे चालला होता. मग ती बोलू लागली, जपून, एकेक शब्द निवडून. त्यांचे, म्हणजे नावाहो लोक स्वतःला दिने म्हणवतात. पिरोजा त्यांच्यात दुकानातली वस्तू नसते. लहान मुलाच्या मनगटावर पहिला मणी पिरोजाचाच बांधतात. पोवळं तर त्यांच्या वाळवंटात कुठून असणार? ते आलं दूरच्या समुद्रातून, व्यापाऱ्यांच्या हातून. पण मावशीच्या आजीने ते चांदीत निळ्याशेजारी बसवलं आणि तेव्हापासून ते त्यांचं झालं. मावशी रस्त्याकडेला टेबल मांडून बसते. गेल्या उन्हाळ्यात लोक फोन पुढे करायचे. हेच बघ, ऑनलाइन दहापट स्वस्त, असं म्हणायचे. तीन महिन्यांत तिची फक्त तीन कडी विकली गेली.

"आमच्या हुपरीतही पोवळं त्याच समुद्रातून यायचं," मंजूषा म्हणाली. "माझ्या आजीच्या मंगळसूत्रात होतं, दोन मणी."

"असेल," डेल्फीन म्हणाली. तिचा सूर मऊ झाला नव्हता. "पण तू कुणालाही सांगू शकतेस की मी हुपरीची. लोक नकाशात शोधतील आणि ते सापडेल. आमचं नाव मात्र ज्याला हवं तो उचलतो. गाडीला देतो, बुटाला देतो. माझ्या देशात नावाहो म्हणून खोटा माल विकला तर तो गुन्हा आहे. इथे काय आहे मला माहीत नाही. आणि तू मला सॉरी म्हणून काय होणार? मी त्याच्याकडून काही विकत घेतलेलं नाही. ज्यांनी घेतलंय त्यांना सांग."

ती उठली. चार पावलं गेल्यावर परत आली आणि म्हणाली, "कोंदण छान झालं होतं. म्हणूनच जास्त राग आला."

मंजूषा त्या बाकावर बराच वेळ बसून राहिली. डेल्फीनचा तिला राग आला होता आणि तिचं म्हणणं शब्दन् शब्द पटलंही होतं.

पुढचा आठवडाभर अवनीने आईकडून चार डच वाक्यं घोकून घेतली. पोरगी कडक मास्तरीण निघाली. घशातला ख नीट येईपर्यंत सोडायची नाही. तक्रारीचं पत्रही तिनेच लिहिलं, ग्राहकांच्या सरकारी कार्यालयाला. पुष्करने दुकानाच्या वेबसाइटवरची पानं छापून आणली. त्यांतल्या एकावर मंजूषाचे दोन हात होते, ज्योतीच्या उजेडात, आणि खाली लिहिलं होतं: माया. हा फोटो कधी काढला, तिला कळलंही नव्हतं. छापील कागदावरच्या आपल्याच हातांकडे बघून तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

शनिवार हा बाजाराचा दिवस. नाताळ महिन्यावर आलेला, दुकान गच्च भरलेलं. मंजूषा अकराला आत शिरली. रूलोफला वाटलं, आली परत. तो गर्दीतूनच हसला आणि काचेतल्या टेबलाकडे हात केला.

ती टेबलाशी गेली, पण बसली नाही. पिशवीतून तिने नखांचा रंग काढायच्या द्रवाची बाटली आणि कापसाचा गठ्ठा काढला. तिथलं सगळ्यात महाग कडं उचललं. मग मोठ्याने, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं, चार वाक्यं म्हणाली:

"माझं नाव मंजूषा. मी भारतातली आहे. नावाहो लोकांशी माझा काहीही संबंध नाही. हे खडे रंगवलेले आहेत."

आणि तिने भिजवलेला कापूस निळ्या खड्यावर घासला. कापूस निळा झाला. दुसरा बोळा लाल खड्यावर घासला. तो गुलाबी झाला, मग लाल. खडे जागोजाग पांढरे पडले. तिने दोन्ही बोळे वर धरले.

"माया!" रूलोफ गर्दीतून वाट काढत आला. "माया, हे काय चालवलंयस? थांब!"

"मंजूषा," ती म्हणाली आणि दुसरं कडं उचललं.

एका म्हाताऱ्या बाईंनी आपल्या हातातलं कडं काढून पुढे केलं. "हे मी गेल्या आठवड्यात नातीसाठी घेतलं," त्या म्हणाल्या. "करा." मंजूषाने घासलं. कापूस निळा. बाईंनी तो बोळा हातात घेऊन निरखला आणि रूलोफच्या नाकापुढे धरला. तेव्हा रूलोफ डचमध्ये ओरडू लागला. आपला माल खराब केला म्हणून पोलीस बोलावीन म्हणाला.

"बोलवा," मंजूषा म्हणाली. हे वाक्य घोकलेलं नव्हतं, आपसूक आलं. "मी थांबते."

त्याने पोलीस बोलावले नाहीत. पाच-सहा माणसं हातातला माल ठेवून निघून गेली. म्हाताऱ्या बाई पैसे परत हवेत म्हणून काउंटरशी उभ्या राहून हलेनात. पण एक माणूस, चांगला कोटबीट घातलेला, एक पदक हातात घेऊन म्हणाला, "खोटं का असेना, दिसतं छान," आणि त्याने ते विकत घेतलं. मंजूषाच्या देखत, तिच्या हातातल्या लाल कापसाकडे बघत, बँकेच्या कार्डाने पैसे देऊन घेतलं. रूलोफच्या आरडाओरड्यापेक्षा तिला ते जास्त लागलं.

तिने टेबलाच्या खणातून आपली फुंकणी, चिमटा, कानस काढून घेतली. पक्ष्याचा ठसा हातात आला, तो घेऊन ती क्षणभर थांबली. ठसा त्याचा होता. ऐरणीवर आडवा ठेवून तिने हातोडीचे चार घाव घातले. पक्ष्याचं डोकं चेपलं, पंख मोडले. मग तो त्याच्या काउंटरवर ठेवून ती बाहेर पडली.

डेल्फीनला पुष्करने ऑफिसात ही हकीकत सांगितली. तिने ऐकून घेतलं, मान हलवली. दोन दिवसांनी त्याच्या टेबलावर रिकामा, धुतलेला डबा आला. आत चिठ्ठी होती: मावशीला फोनवर सांगितलं, ती विचारते की अजूनही तोंडाने फुंकता का, गॅसची बत्ती का वापरत नाही? मंजूषाने उत्तरादाखल एक मिनिटाचा व्हिडिओ पाठवला. त्यानंतर मावशीचा आणि तिचा व्यवहार सुरू झाला तो असा, डेल्फीनच्या मध्यस्थीने, नुसत्या हातांचे व्हिडिओ पाठवण्याचा. आठ महिने संपल्यावर डेल्फीन आरिझोनाला परत गेली. जाताना ती जेवायला आली आणि तिने चकल्या मागून घेतल्या.

कार्यालयाचं उत्तर फेब्रुवारीत आलं. आपली माहिती नोंदवून घेतली आहे, वैयक्तिक प्रकरणांत लक्ष घालता येत नाही, आभारी आहोत. इतकंच. अवनीने ते दोनदा वाचलं आणि कागद टेबलावर आपटला. "म्हणजे काहीच नाही!" ती ओरडली, आणि मराठीत ओरडली.

मार्चमध्ये मंजूषा त्या गल्लीतून गेली. पाटी बदलली होती. आता नावाहो पद्धतीचे दागिने, असं लिहिलं होतं. पद्धतीचे हा शब्द बारीक अक्षरांत. आणि काचेतल्या टेबलाशी एक बाई बसली होती. तिशी-पस्तिशीची, सावळी, लांब केसांची, दोन वेण्या पुढे सोडलेल्या.

मंजूषा आत गेली. रूलोफ काउंटरमागे होता. "आता सगळं कायदेशीर आहे," तो तिला बघताच म्हणाला. "वकिलाला विचारून केलंय." तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती टेबलाशी गेली आणि सोप्या इंग्रजीत त्या बाईला सांगू लागली की या पाटीचा अर्थ काय, या कार्डावर काय लिहिलंय, हे खडे काय आहेत.

बाईने ऐकून घेतलं. ती बोलिव्हियाची होती. "मला माहीत आहे," ती शांतपणे म्हणाली. "मला डच येतं. जूनपर्यंत हे काम मला हवंय."

या उत्तराची मंजूषाने कल्पना केली नव्हती. त्या बाईवर रागवायला तिच्याकडे तोंड नव्हतं. दोन-अडीच महिने तीही याच खुर्चीत बसली होती, खडे खोटे आहेत हे ठाऊक असून. पण राग तर होता.

"तुला काय म्हणतो तो?" तिने विचारलं.

"लूना."

"आणि नाव काय तुझं?"

बाईने एकदा रूलोफकडे बघितलं. "फ्लोरेंसिया."

"फ्लोरेंसिया," मंजूषा मोठ्याने म्हणाली, काउंटरपर्यंत पोचेल अशा आवाजात. मग टेबलावरची दोन नवी कार्डं उचलली आणि पर्समध्ये घातली. रूलोफ काहीतरी म्हणाला. तिने पाटीचा, काचेचा, बारीक अक्षरांचा फोटो काढला आणि सायकल घेतली.

बुधवार होता, अवनीची शाळा दुपारीच सुटलेली. मंजूषाने कार्डं तिच्यापुढे टाकली, लॅपटॉप उघडला आणि शेजारी खुर्ची ओढून बसली.

"पुन्हा तेच लिहायचं?" अवनीने विचारलं.

"पुन्हा. आणि या खेपेला त्या कार्यालयाच्या वरचं कोण असतं, ते आधी शोध."